दहिवर सुकायच्या आधी

तिगाव (तालुका पांढुर्णा, आणि आता जिल्हाही पांढुर्णा)
४ सप्टेंबर २०२५

प्राजक्ता,

जर्मनीला साधं पत्र पाठवायचं तर पहिले वीस ग्रॅम एका दरात जातात, पुढे दर वाढतो. म्हणून वीस ग्रॅममध्ये बसेल तेवढंच लिहिणार आहे. पोस्टाचा काटा समोरच आहे. भांडणाला काहीतरी मर्यादा असलेली बरी.

फोन का नाही केला म्हणशील. तुझा नंबर मी जानेवारीत ब्लॉक केला. तो उघडला तर मला बोलता येणार नाही, एक तर रडू येईल नाहीतर शिव्या येतील. शिवाय मी इथली शाखा डाकपाल आहे. आमच्याकडे पेन्शनीचे अंगठे होतात, पार्सलं येतात, बँकेच्या नोटिसा येतात, पण माणसानं माणसाला लिहिलेलं पत्र गेल्या दोन वर्षांत मी पाहिलेलं नाही. शिक्क्यालाही वाटू दे की आपण पोस्टात आहोत.

काल नलिनीकाकू आल्या होत्या. तुझी आई माझ्याशी अजूनही आपलं भांडण झालंच नाही अशा थाटात बोलते, मला ते बरं वाटतं. त्या म्हणाल्या, तुझ्या कंपनीची माणसं ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी कापूस बघायला येणार आहेत. तुझ्या वडिलांनी, म्हणजे काकांनी, माझ्या मायला निरोप धाडला आहे की बेबी, तूच समोर राहा, टोपी, हातमोजे आणि बूट गोडाउनमध्ये जपून ठेवले आहेत.

जपून ठेवलेच असणार. दोन वर्षांपूर्वी तू फोटोवाल्याला घेऊन आलीस त्या सकाळी ते बाहेर निघाले, फोटो झाला आणि दुपारच्या आत परत पोत्यात गेले. खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे. माय त्या बुटांत पोळ्याच्या बैलासारखी सजून उभी होती. आपण दोघी किती हसलो तेव्हा! मीही हसले, नाकारत नाही.

आता ऐक. गेल्या वर्षी चौदा ऑक्टोबरला दुपारी पाऊण वाजता माय तुमच्या वावरात पडली. कापसाची ओटी कमरेला तशीच बांधलेली होती. माझा नवरा रोशन तिला टेम्पोत घालून पांढुर्ण्याला घेऊन गेला. तीन सलाईन लागल्या. डॉक्टर म्हणाले, उन्हानं अंगातलं पाणी आटलं, किडनीवर ताण आला आहे, यापुढे अकरानंतर ही बाई उन्हात दिसता कामा नये. हे मे महिन्यातलं बोलणं नाही, ऑक्टोबरातलं आहे. माय सांगते, पूर्वी कोजागिरीचं दूध प्यायला अंगावर शाल घेऊन बसायचो. आता कोजागिरीलाही कूलर सुरूच असतो.

तीन महिन्यांनी तुझं पार्सल आलं. पांढरा शर्ट, आणि त्याच्या लेबलवर हसणारी माय. मजकूर जर्मन, तो मी मोबाइलवर फिरवून वाचला. 'ही लक्ष्मी. कडक उन्हाच्या दिवसांत ती अकरा वाजता घरी जाते.' बेबीची लक्ष्मी का झाली तेही मला लगेच कळलं. तिकडच्या गिऱ्हाइकाला 'बेबी' वाचून वाटायचं, लेकराकडून कापूस वेचून घेतात! उघडलेलं पार्सल नियमानं नाकारता येत नाही. मी ते पुन्हा शिवलं, 'घेण्यास नकार' लिहिलं आणि तुला परत पाठवलं. नोकरीत मी केलेलं हे एकच खोटं काम. दुसरं होतं ते सरकारी नव्हतं.

आणि यंदा माय पुन्हा निघाली आहे. मी अडवलं, रोशननं अडवलं. ती म्हणते, "घरी बसून काय करू व? तुह्या पोस्टात येऊन शिक्के मारू?" 

तुला माहीत आहे तरी लिहिते, कारण हॅम्बुर्गला दवाशी कुणाचं वैर नसेल. पहाटे कापसावर दहिवर असतं. ओला कापूस वजनाला जास्त भरतो आणि वेचाई मिळते किलोवर. म्हणून काका बायांना दहिवर सुकेपर्यंत, म्हणजे नऊपर्यंत, धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसवून ठेवतात. बाया गारव्यात बसतात आणि उन्हात वेचतात. आपण लहान होतो तेव्हापासून हे असंच आहे, पण तेव्हाचं ऊन सोसण्यासारखं होतं.

माझं मागणं एकच आहे. काकांना सांग, बायांना फटफटताच वावरात उतरू द्या आणि साडेदहाला सोडा. मी सांगून ते ऐकणार नाहीत. सोनारानंच कान टोचावे.

वीस ग्रॅम झाले.

चंचल


१७ सप्टेंबर

प्राजक्ता,

उत्तर नाही. मी वाट बघत नाहीये. डाकेची थैली रोज दोनदा उलटी करून झटकते, ते धूळ फार असते म्हणून.

तुझी वाट न बघता मी स्वतःच काकांकडे गेले. ते संत्र्याच्या बागेत होते, वाकून खाली पडलेली फळं एकेक करून टोपल्यात टाकत होते. हिरवीच गळली आहेत. पाऊस थांबायचं नाव घेत नाही, आणि थांबला की दुसऱ्याच दिवशी अंग भाजतं. झाडाला काय कळणार कोणता महिना आहे ते!

काका वाईट नाहीत. वाईट असते तर मला किती सोपं गेलं असतं.

मी म्हटलं, "काका, बायांना यंदा पहाटे उतरू द्या."

"अन् ओला कापूस कुठं घालू? जिनिंगवाला ढिगात हात घालून पाह्यते. ओला लागला का गाडी वापस. पिवळा पडते ना बाई तो."

"वाळवायचा."

"तू येशीन वाळवाले?" त्यांनी टोपलं माझ्याकडे सरकवलं. "हे पाहून राहिली ना? अर्धी बाग जमिनीवर हाय. बांगलादेशानं टॅक्स वाढवला तवापासून संत्र्याले कोणी इचारत नाही. कापूस तं बाहेरून बिनाटॅक्सचा येऊन राहिला. एक हे लेबलवाले भाव जरा बरा देतात, तं त्यात तू खोडा घालून राहिली."

"माय पडली होती काका."

"मले माहीत नाही काय? मीच उचललं ना तिले." त्यांनी वाकून अजून एक हिरवं फळ उचललं. "पंचवीस वर्सं झाले, येऊन राहिली ते. पण मी काय उन्हाले सांगू, बापा, जरा दमानं तप?"

उन्हाला कुणी सांगायचं हा प्रश्न तसा बरोबरच आहे. ज्यांच्या गाड्यांनी आणि कारखान्यांनी ते तापलं ते लोक सावलीत आहेत, काका अर्धे सावलीत आहेत आणि माय पूर्ण उन्हात. सांगायचं झालं तर वरून खाली सांगत यावं लागेल, आणि तिकडे वर ओळखीची म्हणावी अशी मला तू एकटीच आहेस.

निघताना काका हळूच म्हणाले, "त्या कागदावर तं लिहून हाय, बाया अकराले घरी जातात. मी नाही लिहिलं ते. प्राजूनंबी नाही लिहिलं. अक्षर मात्र लय चांगलं हाय."

मी पडलेली दोन संत्री उचलून टोपल्यात टाकली आणि सायकल काढली. त्या कागदाबद्दल या पत्रात लिहायचं नाही असं ठरवलं आहे. वजन वाढतं.

चंचल


२९ सप्टेंबर

प्राजक्ता,

तू मला लिहिलं नाहीस, पण काल तुझ्या आईला फोनवर म्हणालीस, "चंचलला विचार, तो फॉर्म कोणी भरला होता." काकूंनी तो निरोप पोस्टात येऊन दिला, पेन्शनीच्या रांगेसमोर, मोठ्यानं. त्यांना त्यातलं काही ठाऊक नाही. निरोप देऊन त्यांनी मला शेंगदाण्याची चटणीपण दिली.

तर आता लिहिते. वीस ग्रॅम गेले खड्ड्यात.

फॉर्म मी भरला. फोटोच्या त्या सकाळी, तुझ्या कंपनीचा, मायच्या कामाबद्दलचा. एकतीस प्रश्न होते. तू माझ्या काउंटरपलीकडे बसून चहा पीत होतीस आणि फोटोवाला बाहेर कुत्र्याचे फोटो काढत होता. तू म्हणालीस, "काकींना विचारून भर गं, मी येतेच," आणि आईचा फोन आला म्हणून उठून बाहेर गेलीस. माय समोरच्या बाकावर बसली होती, टोपी मांडीवर घेऊन. मी तिला एकही प्रश्न विचारला नाही.

का नाही विचारला याचा मी वर्षभर विचार करते आहे. तुला खोटं वाटेल, पण मला तो पेपर वाटला. दहावीत मला एक्क्याण्णव टक्के होते आणि तुला शहात्तर. त्या मार्कांवरच मला ही नोकरी लागली आणि माझ्या घरात पहिल्यांदा पगार आला. मला दुसरं काहीच येत नाही, पेपर सोडवता येतो. प्रश्न वाचला की तपासणाऱ्याला कोणतं उत्तर हवं आहे हे मला कळतं. 'कडक उन्हात काम थांबवलं जातं का?' हो. 'किती वाजता?' अकरा. 'पिण्याचं पाणी, सावली, हातमोजे?' हो, हो, हो. एकतीसपैकी एकतीस. मी बरोबर उत्तरं लिहिली. खरी काय आहेत ते पाहिलंच नाही.

आणि अजून एक. तुझ्यासमोर, त्या पांढऱ्या बुटांच्या फोटोवाल्यासमोर, माझी माय अशा तशा ठिकाणी राबते हे माझ्या अक्षरात लिहायची मला लाज वाटली. तू हॅम्बुर्गची साहेबीण होऊन आलीस तर मीही डाकपाल होते ना! झाकली मूठ सव्वा लाखाची.

तू परत आलीस, पानं चाळलीस आणि विचारलंस, "सगळं खरं आहे ना गं?" मी हो म्हटलं. तूही दुसऱ्यांदा विचारलं नाहीस. तुलाही पास व्हायचं होतं. मायनं सही करताना विचारलं, "काय लिहिलं व?" मी म्हटलं, "चांगलंच लिहिलं." तिनं विश्वासानं सही केली. सही मीच तिला शिकवली होती.

कागदावर अकरा लिहिलेलं होतं म्हणून कुणी वावरात येऊन पाहिलं नाही. माय पाऊण वाजता पडली. तुझा शर्ट मी परत पाठवला तो तुझा राग म्हणून नाही, माझं उत्तर त्यावर छापून आलं होतं म्हणून. दवाखान्यात तिच्या उशाशी बसले होते तेव्हा तिच्या हातातली सलाईन बघवत नव्हती. मी तिला अजूनही सांगितलेलं नाही.

पण आता सांगणार आहे. दुसऱ्या शनिवारी ती माणसं येतील तेव्हा त्यांनाही सांगणार आहे की तो कागद खोटा होता आणि तो मी लिहिला. गावाचा कापूस त्यांनी नाकारला तर सगळं गाव माझ्यावर येईल. बायांचं काम जाईल म्हणून बायाही येतील. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण माय पुन्हा पडली तर ती उठेलच असं डॉक्टरांनी सांगितलेलं नाही.

काकू म्हणाल्या, तू येणार नाहीस, तिकडूनच टॅबलेटवर दुभाषी होणार आहेस. हे पत्र तोवर पोचेल की नाही मला सांगता येत नाही, आणि हे मी पोस्टाची बाई असून लिहिते आहे. पोचलं तर एवढंच कर. मला वाचवू नकोस. मी जे बोलेन ते मऊ करून सांगू नकोस.

चंचल


१२ ऑक्टोबर

प्राजक्ता,

कालचं अर्धं तू पाहिलंस. टॅबलेटात जेवढं मावलं तेवढं. बाकीचं लिहिते.

शुक्रवारी संध्याकाळी मी मायला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं ती भाकरी पूर्ण केली, तव्यावर टाकली, उलटली, शेकली आणि मग म्हणाली, "मले वाटलंच होतं. तू इतक्या पटापटा लिहून राहिली होती." मी रडले तर म्हणाली, "जेव आता." तिनं ओरडायला पाहिजे होतं असं मला अजून वाटतं.

सकाळी काकांच्या गोडाउनमधून पोतं निघालं. टोपीला उंदरानं एका बाजूनं कुरतडलं होतं, ती बाजू मागे केली. तुझ्या कंपनीची ती उंच बाई गाडीतून उतरली आणि तिच्या हातात तू. तिला सीतादही बघायची होती. पहिल्या वेचणीला बाया वावरात दहीभात ठेवून पूजा करतात ते तिनं कुठेतरी वाचलं होतं. आमची बुधवारीच झाली होती. काका म्हणाले, पुन्हा करा. त्यावर माय जे बोलली ते तुझ्यापर्यंत आलं नसेल, आवाज फाटत होता. ती म्हणाली, "एकदा जेवलेल्या देवाले पुन्हा काऊन बसवता पाटील पानावर?" सगळ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. काकांनाही हसू आलं, त्यांनी ते खोकल्यात लपवलं.

मग बाईनं वेचून दाखवायला सांगितलं. मायनं हातमोजे काढले. तू विचारलंस, "काकी, का काढले?" ती म्हणाली, "हे घालून कापूस बोंडातून निंघत नाही. फोटो निंघते." हे तू इंग्रजीत सांगितलंस तेव्हा बाई हसली नाही. त्याच क्षणी मला तिच्याबद्दल जरा बरं वाटलं.

नंतर तो प्रश्न आला. उन्हाच्या दिवसांत घरी किती वाजता जाता? मायनं माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच हो म्हटलं. ती म्हणाली, "सूर्य जाते तवा मी जातो. मधात एकदा टेम्पोत घालून नेलं होतं, तवा लवकर गेलो." आणि मी पुढे होऊन माझं बोलले. रात्री पाठ केलं होतं, त्यातलं अर्धंही आठवलं नाही. एवढंच म्हणाले की तो कागद मी लिहिला, मायला न विचारता लिहिला, आणि त्यातलं अकरा वाजताचं खोटं आहे.

तू थांबलीस. काकांच्या हातातली त्यांची टोपी खाली पडली, त्यांनी ती उचलली, झटकली. मला वाटलं, संपलं. आता ही 'थोडा गैरसमज झाला' असं काहीतरी सांगेल.

प्राजक्ता, माझं इंग्रजी वाचण्यापुरतं आहे, पण शहात्तर टक्केवालीचं मला समजतं. तू 'मिस्टेक' म्हणाली नाहीस, 'फॉल्स' म्हणालीस. मी मायला विचारलं नाही तसं तूही मला दुसऱ्यांदा विचारलं नाहीस, हे माझ्या बोलण्यात नव्हतं, ते तू तुझ्याकडून घातलंस. आणि शेत कुणाचं हे सांगताना 'द ओनर' म्हणाली नाहीस, 'माय फादर' म्हणालीस. मी काकांकडे पाहिलं नाही. मला बघवलं नसतं.

शेवटी मराठीत म्हणालीस, "पत्र काल भेटलं, चंचल." आणि नेटवर्क गेलं. बाईला वाटलं, तू कंपनीचं काही सांगितलंस. तिनं मला विचारलं, मी म्हटलं, पर्सनल.

गाडी गेल्यावर काका धुऱ्यावर बसले. त्याच जागी, जिथे बाया दहिवर सुकायची वाट बघत बसतात. सगळ्यांना वाटलं, आता आवाज चढेल. त्यांनी पाणी मागितलं. पाण्याचा जार रिकामाच आणला होता, फोटोपुरता. मायनं आपली बाटली दिली, कापडात गुंडाळलेली. ते प्यायले आणि बराच वेळ ती बाटली हातातच धरून होते.

माय जरा अंतरावर बसून म्हणाली, "पाटील, कापूस वाळल्यावरच मोजा ना मंग. आमी थांबतो."

"अन् मंग तुमीच म्हणसान, पाटलानं रातच्यातून काढून घेतला."

"म्हणू ना. कायले नाही म्हणू? एक बाई राखणीले ठेवू."

"आमच्या गच्चीवर घाला वाळू," नलिनीकाकू मागून म्हणाल्या. त्या कधी आल्या ते कुणालाच कळलं नव्हतं. "चाबी माह्याजवळ राहीन. मोजाच्या टायमाले बेबीसमोर कुलूप काढीन. मंग तं झालं?"

पंचवीस वर्षं हे काम अडलं होतं ते एवढ्याशा गोष्टीवर. दहिवराचं वजन कुणाच्या पदरात पडायचं, आणि कुणावर कुणी किती विश्वास ठेवायचा. काका उठले, धोतर झटकलं. "दिवाळीपावेतो करून पाहू. या एकाच वावरात. जिनिंगवाल्यानं गाडी वापस केली तं मले तोंड दाखवू नका."

जाताना माझ्या सायकलपाशी थांबले आणि मागचं चाक दाबून पाहिलं. म्हणाले, "हवा कमी हाय," आणि गेले.

चंचल


१७ ऑक्टोबर

प्रिय प्राजक्ता,

आज पाचवा दिवस. बाया फटफटताच उतरतात, हात दहिवरानं गार पडतात म्हणून कुरकुर करतात, आणि साडेदहाला वावर रिकामं होतं. तुमच्या गच्चीवर जुन्या चादरींवर कापूस पसरला आहे. काल दोन पोती जिनिंगला गेली ती वापस आली नाहीत. काका सगळ्यांना सांगत फिरत आहेत की ही आयडिया त्यांचीच. सांगू दे. शेजारच्या दोन वावरवाल्यांनी येऊन गच्ची बघितली, पण त्यांच्या बाया अजून नऊलाच सुरू करतात आणि उन्हातच राहतात. रोशन म्हणतो, एकदम सगळं होत नसतं. तो टेम्पोवाला आहे, त्याला घाई नसते.

त्या बाईनं कोरा फॉर्म ठेवला होता. या खेपेला मी मायला एकेक प्रश्न वाचून दाखवला. दोन तास लागले. 'तुमच्या कामाबाबत तुमचं मत विचारलं जातं का?' याला मी 'नाही' लिहायला गेले तर माय म्हणाली, "शनिवारपासून हो, असं लिही." तसंच लिहिलं. एकतीसपैकी नऊ. आयुष्यात पहिल्यांदा नापास झाले. पुढच्या वर्षी तुमचं लेबल आम्हाला ठेवेल की नाही ते तुलाही माहीत नसेल. नाही ठेवलं तर काकांचा भाव जाईल, आणि तेव्हा गच्चीची चावी कुणाकडे राहील हे आज सांगता येत नाही. मला त्याची भीती आहेच. तुझ्या नोकरीचं काय झालं तेही कळव. मला त्याची काळजी वाटते, हे आधीच लिहायला पाहिजे होतं.

तुझा नंबर उघडला आहे. पण लगेच फोन करू नकोस, आधी लिही. शिक्क्याला सवय लागली आहे.

सोबत मायचा एक फोटो ठेवते. काल रोशननं मोबाइलवर काढला, मी आज पांढुर्ण्याहून छापून आणला. त्यामुळे पाकीट वीस ग्रॅमच्या वर गेलं, जास्तीचं तिकीट मी लावलं आहे. लेबलवर घालायचा असेल तर घाल, खाली नाव मात्र बेबीबाईच लिही. टोपी नाही, हातमोजे नाहीत. ओटी अजून कमरेलाच आहे, ती सोडायचंही तिला सुचलं नाही. आमच्या ओसरीत, भिंतीला लागून. दुपारचे साडेबारा वाजले आहेत. ती हसत नाहीये. झोपली आहे.

तुझी,
चंचल